पैसे संपले तिथे काय उभं केलं? जुने हेरपट आणि बी-ग्रेड सिनेमे बघण्याची रीत

१९६२ च्या 'डॉ. नो' या पहिल्या बाँडपटात एक खोली आहे. खलनायकाचा हस्तक दार उघडून आत येतो, तर आत एक खुर्ची, एक छोटं टेबल आणि टेबलावर एक पिंजरा. बाकी सगळं रिकामं. छताला भलंमोठं गोल भोक, त्यावर आडव्याउभ्या पट्ट्या, आणि वरून येणाऱ्या उजेडात त्या पट्ट्यांची सावली खाली पसरलेली. खलनायक दिसतच नाही, फक्त आवाज येतो. त्या आवाजासमोर तो माणूस मुंगीएवढा होऊन जातो.

सेट उभारणारे केन अ‍ॅडम यांच्याकडे या खोलीसाठी जवळजवळ पैसेच उरले नव्हते. बाकीच्या सेटांवर खर्च झाला होता. मग त्यांनी खोलीत काही ठेवलंच नाही. तिरकं छत, एक भोक, एक दिवा. बाँडपटांमधल्या अड्ड्यांची जी भव्यता पुढे जगभर गाजली, तिची सुरुवात या कंगालीच्या कोपऱ्यात आहे.

पहिल्यांदा ती खोली पाहिली तेव्हा मला भीती वाटली होती. तिच्यामागची ही गोष्ट कळल्यावर पुन्हा पाहिली, तेव्हा भीती तेवढीच वाटली आणि वर आनंद झाला. गेली कित्येक वर्षं मी जुने हेरपट, देमारपट, स्वस्तातले भयपट याच दुहेरी आनंदासाठी बघतो. तो तुम्हालाही मिळावा म्हणून माझी रीत इथे पायरी-पायरीने मांडतो आहे.

पहिली पायरी: 'बी' हा शब्द समजून घ्या

'बी-ग्रेड' म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण हा शब्द जन्मला तो हिशेबाच्या वहीत. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. गिऱ्हाईक यावं म्हणून थिएटरवाले एका तिकिटात दोन सिनेमे दाखवू लागले. मुख्य सिनेमा 'ए', जोडीचा 'बी'. 'ए' सिनेमाच्या गल्ल्यात निर्मात्याचा टक्का असायचा. 'बी' सिनेमा ठरावीक भाड्याने दिला जायचा. म्हणजे जीव ओतून केला काय किंवा कसाबसा उरकला काय, हातात पडणारी रक्कम तीच. साहजिकच खर्च आधीच बांधलेला, चित्रीकरणाचे दिवस मोजके, लांबी तासाभराच्या आसपास.

पण याच आवळलेल्या हिशेबात एक मोकळीकही होती. सिनेमा ठरल्या पैशात, ठरल्या दिवशी तयार झाला की आत नेमकं काय चाललंय याकडे वरचे साहेब फारसं लक्ष देत नसत. त्यामुळे मोठ्या सिनेमात कोणी करू धजलं नसतं असं बरंच काही या छोट्या सिनेमांत घुसलं.

आपल्याकडे एका तिकिटात दोन सिनेमे ही पद्धत तशी रुजली नाही. आपला 'बी' म्हणजे पिटातल्या प्रेक्षकाचा सिनेमा: स्टंटपट, जादूपट, देमारपट. त्याचं माहेर मुंबईत, परळला. वाडिया बंधूंनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोन सुरू केली. तिथे ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स 'नाडिया' झाली आणि १९३५ च्या 'हंटरवाली'त चाबूक घेऊन उभी राहिली. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करते. तिच्यासमोरच्या टोळीचा म्होरक्या तोंड झाकून फिरतो आणि त्याचं नाव आहे 'सिग्नल एक्स'. बाँडच्या पंचवीस-तीस वर्षं आधीची ही गोष्ट. याच परळच्या जागेत १९४२ मध्ये शांतारामबापूंनी राजकमल कलामंदिर उभं केलं. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आणि 'हंटरवाली' एकाच आवारातल्या, हे सांगितलं की पुष्कळांना धक्का बसतो. मला त्यात नवल वाटत नाही. कामगार तेच, दिवे तेच, रंधा मारणारे सुतारही बहुधा तेच असणार.

दुसरी पायरी: कुठून सुरुवात करायची

पुष्कळजण इथे चुकतात. 'जगातला सर्वांत वाईट सिनेमा' म्हणून गाजलेलं काहीतरी लावतात, दहा मिनिटं हसतात, अकराव्या मिनिटाला फोन काढतात. मीही सुरुवातीला मित्रांना असंच बोलावलं होतं. ती मंडळी पुन्हा आली नाहीत.

आधी चांगलं बघा. हेरपटाची बाराखडी पक्की झाली की मोडकं-तोडकं वाचता येतं. बाराखडीसाठी हिचकॉकचा १९३५ चा 'द थर्टी-नाइन स्टेप्स' पुरेसा आहे. दीड तासाच्या आत संपतो. निरपराध माणूस, मागे पोलीस, पुढे हेर, आणि सगळे ज्याच्यामागे धावतात ते एक गुपित. त्या गुपिताला हिचकॉक 'मॅकगफिन' म्हणायचे. पात्रांचा जीव त्यात अडकलेला असतो, प्रेक्षकाला मात्र ते काय आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. पुढे हिंदी सिनेमात 'फॉर्म्युला', 'मायक्रोफिल्म', 'नक्शा' असले शब्द कानावर आले की हे आठवा. नक्शात काय होतं असं विचारत बसू नका. तो कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, एवढं बघा.

त्याच्याही मागे जायचं असेल तर फ्रिट्झ लांगचा १९२८ चा जर्मन मूकपट 'श्पिओने' बघा. आकड्याने ओळखला जाणारा नायक (एजंट ३२६), चाकाच्या खुर्चीत बसून बँक चालवणारा आणि आतून हेरांचं जाळं विणणारा खलनायक, त्याच्याच गटातली पण नायकाच्या प्रेमात पडलेली बाई. सगळा साचा तिथे तयार आहे. ही कथा लिहिणाऱ्या थिया फॉन हार्बू यांचं आपल्या मुलखाशी नातं आहे. बेळगावजवळच्या बेळगुंदीहून जर्मनीत शिकायला गेलेले पत्रकार अयी तेंडुलकर यांच्याशी त्यांनी पुढे गुपचूप लग्न केलं होतं. 'श्पिओने' बघताना दर वेळी मला ते आठवतं.

मग 'डॉ. नो'. त्यानंतर हिंदीकडे वळा. हिंदीत मी १९६७ चा 'फर्ज' पहिला ठेवतो. १९६६ च्या 'गूढचारी ११६' या तेलुगू सिनेमावरून तो केला होता. जितेंद्र 'एजंट ११६'. दिग्दर्शक रविकांत नगाइच. हे नाव लक्षात ठेवा, त्यांच्याबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे. नंतर रामानंद सागर यांचा 'आँखें' (१९६८). यात धर्मेंद्र, माला सिन्हा आणि महमूद आहेत, आणि पैसा पडद्यावर दिसतो. मग राजश्रीचा 'एजंट विनोद' (१९७७), ज्यात महेंद्र संधू आहे. सोज्वळ कौटुंबिक सिनेमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या राजश्रीने हेरपट काढला, हेच मुळात बघण्यासारखं. शेवटी मिथुनचा 'सुरक्षा' (१९७९), गनमास्टर जी-नाइन. दिग्दर्शक पुन्हा नगाइच, संगीत बप्पी लाहिरी.

हा क्रम पाळला तर बारा वर्षांत हिंदी हेर कसा बदलला ते आपोआप दिसतं. 'फर्ज'मधल्या नायकाच्या मागे सरकार आहे, वरिष्ठ आहेत, शिस्त आहे. 'सुरक्षा'पर्यंत येता येता तो डिस्कोत नाचायला लागतो.

तिसरी पायरी: पूर्ण प्रत शोधा

या सिनेमांचं सगळ्यांत मोठं नुकसान कापलेल्या प्रतींनी केलं आहे. टीव्हीसाठी छाटलेली, गाणी उडवलेली, कडेचा भाग गेलेली प्रत बघून 'काहीच कळत नाही' म्हणणं हा सिनेमावर अन्याय आहे.

प्रत पूर्ण आहे का, हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. हिंदी सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. आपण ते कधी वाचत नाही. तिथे थांबा. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म एका मिनिटात साधारण २७.४ मीटर, म्हणजे ९० फूट पळते. प्रमाणपत्रावर ४४०० मीटर असेल तर सिनेमा सुमारे १६० मिनिटांचा. तुमच्या हातातली प्रत १३० मिनिटांची असेल तर अर्ध्या तासावर कोणीतरी कात्री चालवली आहे.

चार टक्क्यांचा फरक मात्र माफ करा. थिएटरात सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत आणि बऱ्याच व्हीसीडी-डीव्हीडींवर तो २५ ने चालवला जायचा. १६० मिनिटांचा सिनेमा १५४ मध्ये संपला तर काही कापलेलं नाही, तो फक्त थोडा घाईत आहे. गाणीही अर्ध्या सुराच्या आसपास चढी वाजतात, कान तयार असेल तर लगेच कळतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारतात सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. हक्क अजून चालू असलेले बरेच सिनेमे हक्कदार कंपन्यांनीच यूट्यूबवर अधिकृतपणे टाकलेले आहेत, तिथेच बघावेत. अमेरिकन बी-सिनेमांपैकी काही खुले आहेत. १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' तर एका चुकीमुळे खुला झाला. वितरकाने सिनेमाचं नाव बदललं, नावाची पाटी नवी केली, आणि जुन्या पाटीवरची स्वामित्वहक्काची ओळ नव्या पाटीवर घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात एवढ्याने हक्क गेला.

चौथी पायरी: खोली आणि माणसं

चार ते सहा जण बरे. एकट्याने बघायला हरकत नाही, पण हे सिनेमे गर्दीसाठी बनवलेले आहेत. शिट्टी कुठे पडणार हे दिग्दर्शकाने धरून ठेवलेलं असतं. खोलीत कोणीच नसेल तर ती जागा रिकामी ऐकू येते.

टीव्हीचं सेटिंग आधी बघून घ्या. चित्र ताणून पडदाभर करू नका. जुना सिनेमा ४:३ चा असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू देत. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय नव्या टीव्हीत असते ती बंद करा, नाहीतर १९६७ चा सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो. दिवे मालवा.

पहिली वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा एकमेव नियम. सिनेमाला त्याचं जग मांडायला तेवढा वेळ लागतो. पहिल्याच मिनिटाला कोणी टोमणा मारला की बाकीचेही टोमण्यांच्या मागे लागतात आणि सिनेमा हातचा जातो. वीस मिनिटांनंतर हवं ते बोला, हसा, टाळ्या द्या. तोवर ते हसणं सिनेमाच्या सोबतीने येतं.

मध्यंतर घ्याच. हिंदी सिनेमाची कथा मध्यंतराभोवती बांधलेली असते, आणि हेरपटात मध्यंतराच्या आधीचं शेवटचं दृश्य म्हणजे लेखकाचा हुकमाचा पत्ता. सलग बघितलात तर तो पत्ता वाया जातो. चहा, भेळ, खारे दाणे, आणि 'आता काय होणार' यावर पैजा.

पाचवी पायरी: डोळा कुठे ठेवायचा

सगळी मजा इथे आहे. बघताना मनात एकच प्रश्न धरायचा: पैसे कुठे संपले, आणि तिथे यांनी काय उभं केलं?

पहिली जागा अड्डा. सरकते दरवाजे, लुकलुकणारे दिवे, भिंतीवर नकाशा, मध्येच एक लाल बटण. दिव्यांची एकच पाटी वेगवेगळ्या खोल्यांत फिरते आहे का ते बघा. रंग कुठे भडक आहे? लाल-हिरवा उजेड भिंतीवर पडला की प्लायवूड प्लायवूड दिसत नाही, म्हणून तो तिथे आहे. दिवे लावणाऱ्याने सुताराची अब्रू राखलेली असते.

दुसरी जागा विमान. नायक परदेशी निघाला की विमान उडताना दिसतं. त्या दृश्याचा दाणा (फिल्मवर दिसणारा रवाळपणा), रंग बाकीच्या सिनेमापेक्षा वेगळा असेल तर ते कुठूनतरी उसनं आणलेलं आहे. मग नायक 'परदेशात' काय करतो ते बघा. खोलीतच बसतो का? खिडकीबाहेर काय आहे? 'द ग्रेट गॅम्बलर' (१९७९) यासोबत ताडून बघायला उत्तम, कारण शक्ती सामंत कैरो, लिस्बन, रोम, व्हेनिसला खरोखर गेले होते. व्हेनिसच्या नावेतलं 'दो लफ्जों की है' हे गाणं बघून झालं की स्टुडिओतला परदेश लगेच ओळखू येतो. मला दोन्ही आवडतात. खरं व्हेनिस सुंदर आहे, पण खोटा परदेश कोणीतरी विचार करून घडवलेला असतो.

तिसरी जागा गाडी. चालत्या गाडीतलं संभाषण बहुधा स्टुडिओतलं असतं. गाडी उभी, मागच्या पडद्यावर रस्ता पळतो, आणि दोन माणसं खालून गाडी हलवतात. रस्ता सरळ असताना नायक स्टीअरिंग वळवतोय का? रस्त्याला खड्डा नाही आणि गाडीला धक्के बसतायत? त्या न दिसणाऱ्या दोन माणसांचं काम तुम्ही पकडलंत.

चौथी जागा रात्र. खरी रात्र चित्रित करायची तर पुष्कळ दिवे, जनरेटर आणि माणसांचा जादा पगार लागतो. म्हणून दुपारी, भिंगाला गाळणी लावून, उजेड कमी ठेवून 'रात्र' केली जाते. पडद्यावर चांदणं आहे पण जमिनीवर कडक सावल्या पडल्या आहेत, असं दिसलं की ती दुपारची रात्र समजा.

आता नगाइच. दिग्दर्शक होण्याआधी ते कॅमेरामन होते, आणि तेही तेलुगू पौराणिक सिनेमांतले. एन. टी. रामाराव यांच्या १९६१ च्या 'सीताराम कल्याणम'चे कॅमेरामन तेच. दहा तोंडांचा रावण, आकाशातून येणारं अस्त्र, अदृश्य होणारे देव हे सगळं संगणकाशिवाय, एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण करून, आरसे आणि छोट्या प्रतिकृती वापरून करायचं काम. हा माणूस हेरपटात आला तेव्हा तीच हत्यारं घेऊन आला. 'सुरक्षा'चा पुढचा भाग 'वारदात' (१९८१) बघा. त्यातल्या टोळांच्या धाडी बघताना मला पौराणिक सिनेमातला राक्षसांचा हल्ला आठवतो. आपल्या हेरपटांतली यंत्रं पुराणातल्या अस्त्रांसारखी का वाटतात याचं उत्तर मला तिथे मिळालं. ती करणारे हात तेच होते.

ही परंपराही १९३० च्या दशकापर्यंत मागे जाते. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त बाबूभाई मिस्त्री यांनी वस्तू हवेत तरंगवल्या त्या काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्याने. तेव्हापासून इंडस्ट्रीत त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. पुढे ते वाडियांकडे आले, आणि मुंबईतल्या ट्रिक फोटोग्राफीची एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली.

भयपटांकडे वळलात तर रामसे बंधूंचं घर बघा. घरच म्हणतो, कारण तो कारखाना घरगुती होता. वडील एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. सात मुलगे. कोणी लिहायचा, गंगू कॅमेरा, किरण आवाज, अर्जुन संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. १९७० मध्ये त्यांचा एक सिनेमा पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला लोक थरारले, हे मुलांनी थिएटरात बसून पाहिलं. बाकीचा सिनेमा विसरून त्यांनी तेवढाच धागा उचलला. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी सगळा लवाजमा महाबळेश्वरला नेऊन केला. धुकं फुकटचं, बंगले जुने, जंगल पायाशी. महाबळेश्वरच्या धुक्यात पावसाळ्यात एकदा चालून आलेल्या कोणालाही कळेल की मुलांनी जागा किती अचूक निवडली होती.

परदेशी सिनेमांत याला तोडीस तोड म्हणजे 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२). हर्क हार्वे कॅन्सासमधल्या लॉरेन्स गावी कारखाने आणि शाळांसाठी माहितीपट करायचे. सॉल्ट लेकच्या काठी एक ओसाड पडलेला करमणूक-मंडप त्यांच्या नजरेस पडला आणि डोक्यातून जाईना. सुमारे ३३,००० डॉलर जमवून, कामावरून तीन आठवड्यांची रजा काढून त्यांनी सिनेमा केला. पाठलाग करणारं मुख्य भूतही स्वतःच झाले. पांढरा चेहरा, काळे डोळे, एवढाच मेकअप. हा सिनेमा बघताना कोणी हसलेलं मी अजून पाहिलं नाही.

रॉजर कॉर्मन यांनी १९६० चा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' मुख्यतः दोन दिवसांत उरकला. कोपोला, स्कॉर्सेसी, जेम्स कॅमेरॉन या पुढे नावाजलेल्या दिग्दर्शकांना त्यांनी सुरुवातीच्या काळात काम दिलं. आणि दिग्दर्शक एड वुड. त्यांच्या 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'चं नाव हसण्यासाठीच घेतलं जातं. त्यातले नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारले तेव्हा वुड यांच्याकडे त्यांची थोडीशी दृश्यं होती. उरलेल्या दृश्यांत त्यांनी आपल्या बायकोच्या ओळखीच्या, मणक्यावर उपचार करणाऱ्या एका गृहस्थांना उभं केलं. ते लुगोसींसारखे अजिबात दिसत नव्हते, म्हणून अंगावरचा झगा चेहऱ्यावर धरून. मला त्या दृश्यात हसू येतं हे खरं. पण गेलेल्या मित्राचा शेवटचा सिनेमा पुरा करण्याची ती धडपड दिसली की हसू अर्ध्यावर थांबतं. म्हणून हा सिनेमा मी यादीत शेवटी ठेवतो. आधीचे बघून झाल्यावरच तो नीट दिसतो.

सहावी पायरी: जे खटकतं ते खटकू द्या

या सिनेमांत बायका बऱ्याचदा शोभेला किंवा मारायला असतात. परदेशी खलनायक म्हणजे बारीक डोळे आणि विचित्र मिशा, आदिवासी म्हणजे पानं गुंडाळलेले लोक. 'तो काळच तसा होता' म्हणून ते पचवू नका. आमच्याकडे अशा जागी कोणीतरी सिनेमा थांबवतं, दोन मिनिटं बोलणं होतं, मग पुढे. मुलांना बसवायचं असेल तर मोठ्यांपैकी एकाने आधी बघून ठेवावा. भयपटांच्या बाबतीत तर प्रमाणपत्रावरचं 'ए' अक्षर पाळाच.

काळ मात्र माहीत हवा. १९६२ चं चीनशी युद्ध, १९६५ चं पाकिस्तानशी. घरात घुसलेला घातपाती ही तेव्हाची खरी धास्ती होती. आणखी एक बारकावा: 'रॉ' स्थापन झाली १९६८ च्या सप्टेंबरात. त्याआधी परदेशातल्या हेरगिरीसाठी वेगळी भारतीय संस्था नव्हती, ते काम इंटेलिजन्स ब्युरोकडेच होतं. म्हणून १९६७ च्या सिनेमाचं नाव 'सीआयडी ९०९' असतं आणि पडद्यावरचे हेर स्वतःला सीआयडी किंवा सीक्रेट सर्व्हिसवाले म्हणवतात. 'रॉ' हा शब्द अजून प्रेक्षकाच्या कानावरच पडलेला नव्हता.

मराठी वाचकाकडे इथे एक आयतं भांडवल आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा, सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी. वाचनालयातून दिवसाच्या भाड्यावर आणलेल्या, कोपरे दुमडलेल्या त्या पुस्तकांवर ज्यांचं बालपण गेलं त्यांना हेरपटाची चाल शिकवावी लागत नाही. प्रकरण कुठे तोडायचं, वेषांतर कधी उघडं करायचं हे त्यांना आधीच ठाऊक असतं. ती पुस्तकं घरात असतील तर सिनेमाच्या आदल्या रात्री एक वाचून या.

सातवी पायरी: वही आणि कागद

एक साधी दोनशे पानी वही ठेवा. सिनेमाचं नाव, वर्ष, दिग्दर्शक, कॅमेरामन, कलादिग्दर्शक, फाइट मास्टर. नायकापेक्षा ही शेवटची तीन नावं महत्त्वाची. दहा-बारा सिनेमे झाले की तीच नावं पुन्हा भेटायला लागतात, आणि 'हा अड्डा याच माणसाने बांधला असणार' असे अंदाज खरे ठरू लागतात. त्याखाली एक ओळ: पैसे कुठे संपले. एक ओळ: तिथे काय केलं. तारांकनं देऊ नका. माझ्या जुन्या वहीत तारे आहेत आणि आज त्यांचा मला काही उपयोग होत नाही. त्या दोन ओळींचा मात्र होतो.

मग कागद गोळा करण्याचा नाद लागेल. गाण्यांच्या पुस्तिका, लॉबी कार्ड (थिएटरच्या दालनात लावायची छापील चित्रं), पोस्टर. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर अजून मिळतात. जुनं म्हणून नव्या छपाईचं विकलं जातं, तेव्हा घड्यांची झीज, कागदाची जाडी आणि छापखान्याचं नाव बघून घ्या. पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ मध्ये स्थापन झालेलं. पी. के. नायर यांनी तिथे चांगलं-वाईट अशी चाळण न लावता मिळेल ते जमवलं. बी-सिनेमावर प्रेम करणाऱ्यांनी त्यांचं ऋण मानायलाच हवं, कारण हे सिनेमे सगळ्यांत आधी नष्ट होतात. 'ठेवून काय करायचंय' असं यांच्याबद्दलच म्हटलं जातं. पुण्यातच २००३ मध्ये झटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुनी रिळं जळून गेली. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत एखाद्या देमारपटाची पुस्तिका असेल तर ती रद्दीत घालू नका. कधीकधी एखाद्या सिनेमाचं तेवढंच उरलेलं असतं.

पहिले सहा शुक्रवार

सुरुवात करायची तर हा क्रम घ्या. पहिल्या शुक्रवारी 'द थर्टी-नाइन स्टेप्स'. दुसऱ्या 'डॉ. नो', आणि ती खोली आली की दोनदा लावा. तिसऱ्या 'फर्ज', मध्यंतरासकट. चौथ्या 'सुरक्षा', आणि नगाइच यांची युक्ती पहिल्यांदा ज्याला दिसेल त्याला भेळ जास्त. पाचव्या शुक्रवारी आधी 'कार्निव्हल ऑफ सोल्स', नंतर 'प्लॅन ९'. दोन्ही मिळून तीन तासांच्या आत होतात, आणि एका तिकिटात दोन सिनेमे म्हणजे काय ते अंगाला कळतं.

सहाव्याला 'मिस फ्रंटियर मेल' बघा. तो मिळाला नाही तर १९६८ चा 'खिलाडी' शोधा. साठीला पोचलेली नाडिया त्यात पुन्हा पडद्यावर आली, होमी वाडियांच्याच दिग्दर्शनाखाली, आणि या वेळी गुप्तहेर म्हणून. नाव 'मॅडम इलेव्हन'. ती पडद्यावर आली की आमच्या खोलीत अजून टाळ्या पडतात.